वाळू ‘मुरतेय’ असं ऐकत तीन महिने काढले

रीफ टँक (खाऱ्या पाण्यातलं, कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचं मत्स्यालय) नवीन लावत असाल आणि कोणी ओळखीतला जाणकार म्हणाला ना, की दादा तुम्ही टेन्शन घेऊ नका, वाळूपासून पाण्याच्या टेस्टपर्यंत सगळं मी बघतो, तर आधी हे वाचा. मी पण टेन्शन घेतलं नव्हतं.

माणूस बोलायला गोड. नाव लिहीत नाही, पावती नाही माझ्याकडे, सगळा व्यवहार तोंडी. म्हणाला कोरडी वाळू टाकलीत तर टँक सायकल व्हायला (म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार व्हायला) महिना-सव्वा महिना जाईल, माझ्याकडे पाच वर्षं चाललेल्या टँकमधली जिवंत अ‍ॅरागोनाइट वाळू आहे (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, चुन्याची), बॅक्टेरियासकट, ती टाका आणि आठवड्यात कोरल लावा. आणि वर हे, की ही वाळू हळूहळू विरघळत राहते त्यामुळे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्यातून कोरल सांगाडा बांधतात) आपोआप सांभाळली जाते. मला तेव्हा हे ऐकून फार भारी वाटलं होतं, वाळू टाकली की केमिस्ट्री मिटली.

बादल्या आल्या त्या घट्ट झाकण लावलेल्या. उघडल्यावर सडक्या अंड्यांचा असा भपकारा की घरातले सगळे दुसऱ्या खोलीत. त्याला फोन केला तर म्हणे हाच वास पाहिजे, म्हणजे जिवंत आहे. आणि मी मान डोलावली! ओली वाळू बंद बादलीत ठेवली की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, त्यातले किडे-बिडे मरतात, अमोनिया तयार होतो, आणि तो वास असतो हायड्रोजन सल्फाइडचा. त्यात जिवंत काही असलंच तर ते मरायला टेकलेलं असतं. पहिल्या चार दिवसांत माझ्या सगळ्या गोगलगायी गेल्या. तो म्हणाला वाळू मुरतेय. हा शब्द पुढे इतक्यांदा ऐकला की आता लोणचं मुरतंय म्हटलं तरी डोकं फिरतं.

थर किती द्यायचा हेही त्यानेच ठरवलं. ८-९ सेंटिमीटर. आता कळतं की हा धड ना इकडचा ना तिकडचा. उथळ ठेवायचा तर ३-४ सेंटिमीटर बास, सायफनने साफ करता येतो, आणि खोल थर करून खालच्या ऑक्सिजन नसलेल्या भागात नायट्रेट जिरवायचं असेल तर १०-१५ सेंटिमीटर लागतो, बारीक दाण्याची वाळू लागते, आणि तो थर कामाला लागायला कित्येक महिने जातात. पण वाळू किलोवर विकली जाते, एवढं बोललो की पुरे.

आता मुख्य भानगड. दर रविवारी हा स्वतःची किट घेऊन यायचा आणि टेस्ट करायचा. माझ्याकडे अमोनिया-नायट्रेटची किट होती, अल्कलिनिटीची नव्हती, आणि आळस, दुसरं काय. पहिल्याच रविवारी म्हणाला अल्क (अल्कलिनिटी) फक्त ४! समुद्राच्या पाण्याची असते साधारण ७ डीकेएच (अल्क मोजायचं एकक), लोक टँकमध्ये ८-९ ठेवतात, म्हणजे ४ हा घाबरायचाच आकडा. मग बॅगेतून निळसर पाण्याची बाटली निघाली, लेबल घरी छापलेलं, ‘रीफ बॅलन्सर’, यात म्हणे कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी आणि ट्रेस (अगदी थोडी लागणारी मूलद्रव्यं) सगळं एकत्र, रोज इतकं टाका. पुढच्या रविवारी अल्क साडेचार, मग पाच, मग साडेपाच. मी खूश, चाललंय की वर! असं करत करत अकरा-बारा आठवड्यांत ७ पर्यंत पोचलो आणि आठला टेकायला कायम एक बाटली कमी पडत होती.

दरम्यान टँकमध्ये जे चाललं होतं ते माझ्या डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात शिरत नव्हतं. हीटरवर पांढरा खडबडीत थर. पॉवरहेडचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) इम्पेलर (आतलं फिरणारं पातं) घासायला लागला, काढला तर चुना बसलेला. अ‍ॅक्रोपोरा या कोरलची टोकं पांढरी, मांस निघून गेल्यासारखी. आणि वाळू... वाळूत बोट घातलं तर ढेकळं लागायला लागली, एका कोपऱ्यात तर पावाएवढी वडी झालेली, दगडाला चिकटलेली. तो म्हणे थर पक्का होतोय, चांगलंय. कॅल्शियम त्याच्याच टेस्टला ४२० पीपीएमवरून ३४० वर आलं होतं, त्यावर म्हणे कोरल खातायत, वाढ चालू आहे. अरे कोरल मरतायत समोर, खातंय कोण?

डोकं ठिकाणावर आलं ते पंपामुळे. चुना बसतोय म्हणजे पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतंय, आणि ते साधारण तेव्हा पडतं जेव्हा अल्क जास्त असते, कमी नाही. सात डीकेएचला असं सहसा होत नाही. मग स्वतःची किट आणली. टँकचं पाणी: १४.

आधी वाटलं माझीच किट खराब. म्हणून किटचीच टेस्ट घेतली, आणि ही गोष्ट कृपया करून ठेवा कारण फुकटात होते. ३ ग्रॅम साधा खायचा सोडा (बेकिंग पावडर नाही हां) एक लिटर आरओ-डीआय (क्षार काढून टाकलेल्या शुद्ध) पाण्यात विरघळवायचा, त्यातलं १०० मिली घेऊन परत आरओ-डीआय पाण्याने एक लिटर करायचं. या पाण्याची अल्क १० डीकेएच येते, हिशोबाने येते, कुणाच्या मेहेरबानीने नाही. माझ्या किटने बरोबर दहा थेंब घेतले. किट ठीक, टँकच चौदावर.

मग याच्याकडे ७ कसे? मी नोंद म्हणून दर रविवारी त्याच्या टेस्टचे फोटो काढायचो, तेही कौतुकाने. ते मोठे करून बघितले. किट थेंब मोजायची, ५ मिली पाण्यात एक थेंब म्हणजे एक डीकेएच. नळीवर ५ ची रेघ स्पष्ट दिसते, आणि पाणी तिच्या अर्ध्यावर! प्रत्येक फोटोत. अडीच मिली घेतलं की थेंब निम्मे लागतात आणि आकडा निम्मा येतो, एवढी साधी हातचलाखी. पहिल्या दिवशीचे ४ म्हणजे खरे ८ होते, जे सॉल्ट मिक्समध्येच (पाणी खारं करायच्या मिठातच) होते. एक थेंबसुद्धा काही टाकायची गरज नव्हती.

बाटलीचं सांगतो. थोडं बशीत वाळवलं, पांढरी भुकटी राहिली, व्हिनेगरचे दोन थेंब टाकले तर फसफसली. बाटलीतलं पाणी पातळ करून कॅल्शियमची टेस्ट लावली, शून्य. म्हणजे सोडा आणि निळा रंग. सोडा वाईट नाही, अर्धी दुनिया अल्कसाठी तोच वापरते, पण वेगळ्या बाटलीत, कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या बाटलीत, कारण दोन्ही तसेच घट्ट एकत्र केले तर बाटलीतच चुन्याचा साका बसतो. एकाच बाटलीत सगळं देणारी खरी प्रॉडक्ट्स असतात, ती कॅल्शियमचे दुसरे क्षार वापरतात. ह्याच्या बाटलीत कॅल्शियमचा पत्ताच नव्हता.

मग वाळूचीही झडती घेतली. चिमूटभर वाळू व्हिनेगरमध्ये ठेवली, दोन-तीनदा व्हिनेगर बदललं. अ‍ॅरागोनाइट असतं तर जवळजवळ सगळं विरघळून गेलं असतं, माझी एक तृतीयांश तशीच बसून राहिली, काचेसारखे दाणे, म्हणजे साधी सिलिका वाळू मिसळलेली. सिलिका वाळू काही विष नाही, टँकमध्ये पडून राहते, पण मी पैसे तिचे दिले नव्हते. (फक्त फसफसली म्हणजे अ‍ॅरागोनाइटच असंही नाही, संगमरवराचा चुराही फसफसतो.) आणि ते विरघळून अल्क सांभाळायचं? टँकच्या ८.१-८.२ पीएचला अ‍ॅरागोनाइट विरघळतच नाही, म्हणून तर चुन्याची खडी विरघळवायच्या कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणावा लागतो. उलट अल्क चढल्यावर नवीन चुना त्याच दाण्यांवर बसत गेला, ती ढेकळं त्याचीच.

फॉस्फेट (शेवाळाचं खाद्य) ०.४२ पीपीएम आलं, म्हणजे खूपच जास्त. फॉस्फेट शोषणारा रिमूव्हर लावला की दोन दिवसांत खाली आणि काढला की परत वर, कारण फॉस्फेट वाळूच्या दाण्यांना चिकटलेलं असतं, पाण्यातलं कमी केलं की दाणे सोडायला लागतात. नंतर दुसऱ्या एका हौशी माणसाकडून कळलं की तो पाच वर्षांचा टँक शेवाळ आवरेना म्हणून मोडलेला होता. म्हणजे त्याचा कचरा मी विकत घेतला.

फोन केला त्याला. आधी हसला, मग म्हणाला सर तुमच्या हाताला यश नाही, फोटो पाठवल्यावर ब्लॉक.

आता काय केलं ते थोडक्यात. डोसिंग बंद, अल्क एकदम पाडली नाही, दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त हलवायची नाही असं ठरवून ८ अल्कच्या मिक्सने छोटे छोटे पाणीबदल, पाच आठवड्यांत साडेआठवर आली. मग कॅल्शियम वेगळं हळूहळू चढवलं. वाळू एका दमात काढायचा मोह झाला होता पण खालचा काळा थर उसकटला तर मासेही जातील या भीतीने पंप बंद करून दर आठवड्याला हातभर पट्टी सायफनने ओढून काढली. क्लाउनफिशची जोडी वाचली, झोआ (छोटे मऊ कोरल) वाचले. अ‍ॅक्रोपोरा पाचपैकी चार गेले, मोंटिपोरा कोरलची एक कड उरलीय आणि ती परत जांभळी दिसायला लागलीय.

फॉस्फेट आत्ता ०.०९ आहे. मोठ्या दगडाखालची ती वडी मात्र अजून तिथेच आहे, दगड हलवल्याशिवाय निघणार नाही, आणि दगड हलवायची हिंमत अजून होत नाहीये.