प्रतापनगरचा बीपीवाल्यांचा श्वासाचा वर्ग : जायला हवा का?

नागपुरातल्या प्रतापनगरच्या समाजभवनात सकाळी सव्वासहाला हा वर्ग भरतो. उन्हाळ्याच्या आधीपासून मी जाते आहे. "प्राणायामानं बीपीची गोळी सुटते का हो?" असं विचारणारे ओळखीत खूप आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते.

इथे गोळी सोडवत नाहीत. महालातून येणाऱ्या एका काकांनी सुरुवातीलाच विचारलं, "मंग ताई, गोळी कधी बंद करू?" वर्ग घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "काका, गोळी डॉक्टरांनी सुरू केली, बंद करायची तर तेच करतील. आपण श्वासाचं पाहू." तिथेच माझा या वर्गावर विश्वास बसला. एका मोठ्या शिबिरात स्टेजवरून गोळ्या सोडायला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे. ते ऐकून आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी गोळी सोडली आणि त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं.

वर्ग अर्ध्या तासाचा. खुर्चीवर पाठ टेकून बसा नाहीतर सतरंजीवर, एक तळहात पोटावर. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी मोठ्या माणसाचे बसल्या बसल्या १२ ते २० होतात. ऐकायला सोपं आहे, पण नव्या माणसाचा श्वास सोडताना चौथ्या आकड्यालाच संपतो आणि मग तो घाईनं पुढचा ओढतो. अशा वेळी ताई शेजारी येऊन बसतात आणि छोट्या आकड्यांपासून सुरुवात करवतात. "ओढू नका, येऊ द्या. जबडा सैल, खांदे खाली." माझा उजवा खांदा कायम कानाकडे चढलेला असतो, हे त्यांनी त्यावर बोट ठेवून दाखवलं. तो खाली आला की श्वास आपोआप लांबतो.

श्वास कोंडणं, भस्त्रिका, जोराची कपालभाती हे काहीही बीपीवाल्यांकडून करून घेत नाहीत. चक्कर वाटली की थांबायचं आणि साधा श्वास घ्यायचा.

माझी भाची मेडिकलला शिकते, तिच्याकडून यामागचं कारण समजून घेतलं. मानेतल्या धमन्यांत आणि महाधमनीत दाब ओळखणाऱ्या नसा असतात. त्यांच्या निरोपावरून मेंदू हृदयाचा वेग आणि रक्तवाहिन्यांचा ताण कमी-जास्त करतो. मिनिटाला सहाच्या लयीत ही यंत्रणा जास्त तत्पर होते, असा अभ्यास २००५ मध्ये 'हायपरटेन्शन' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. संथ श्वास घ्यायला लावणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) २००२ मध्ये परवानगी दिली. अमेरिकन हार्ट असोसिएशननंही २०१३ मध्ये अशा उपकरणाच्या मदतीनं केलेलं श्वसन इतर उपचारांच्या जोडीनं करायला हरकत नाही असं म्हटलं. जोडीनं, बदल्यात नाही.

मला सगळ्यात आवडली ती मोजणी. दर सोमवारी वर्गाआधी दंडाला पट्टा बांधायच्या यंत्रानं बीपी घेतात. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर टेकलेले, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. घट्ट बाही वर सरकवू देत नाहीत, ती दंड आवळते. पट्टा फुगत असताना कोणी बोललं की पुन्हा मोजतात, कारण बोलण्यानं आकडा वाढतो. मिनिटभरानं दुसरं रीडिंग घेतात आणि दोन्ही वहीत लिहितात. ही वही डॉक्टरांना दाखवली तेव्हा त्यांनी पानं उलटून नीट पाहिली.

माझा वरचा आकडा दीडशेच्या आसपास असायचा, आता १३०-१३५ येतो. सगळं श्रेय श्वासाला देणार नाही. गोळी तीच सुरू आहे, पण सांडगी मिरची, पापड आणि लोणचं ताटातून गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाही नाही. आमच्या घरी तेवढं एका वेळच्या भाजीतच जायचं.

आता उणं काय ते. मे महिन्यात हॉलमधला कूलर इतका घरघरतो की मागच्या रांगेत ताईंची मोजणी ऐकूच येत नाही. पुढेच बसा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना आपल्या उन्हात पाणी कमी पडून चक्कर येऊ शकते, त्यांनी उन्हाळ्यात डोस डॉक्टरांना विचारून घ्यावा. हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगायला हवं, सांगत नाहीत. मी ताईंना तसं म्हटलं आहे. आणि नोकरीवाल्यांसाठी संध्याकाळची बॅच नाही, ही मोठीच अडचण, कारण माझ्या दोन्ही जावांना बीपी आहे आणि दोघींनाही सकाळी डब्यांमधून उठता येत नाही.

फी महिन्याला ५०० रुपये, बीपी मोजणं त्यातच. माझ्या मते पैसे वसूल आहेत. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा वरचा आकडा १८० च्या वर जात असेल तर वर्गाचा नाही, आधी दवाखान्याचा रस्ता धरा. बाकीच्यांनी सोमवारी या, बीपी मोजायचं असतं म्हणून चहा न घेता.