मरखा व्हॅली ट्रेक, लडाख: गाइड एक नंबर, ऑफिसवाले ढिले

जळगाव-भुसावळवाल्यांनो, आपण राहतो 200 मीटरवर अन् लेहच 3,500 मीटरवर, म्हणून तिथे उतरल्यावर आधी दोन-तीन दिवस गपचूप आराम करायचा, बाजारात पण पळापळ नाही. आमच्या ट्रेकवाल्या कंपनीने हे दिवस पॅकेजमध्ये धरलेच नव्हते, हॉटेलचे पैसे वेगळे काढले, फोनवर भांडून पण काही झालं नाही.

गाइड मात्र लडाखी पोरगा, काय सांगू भो! रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहायचा, डोकं दुखतंय म्हटलं की वर सोडायचाच नाही, कितीही ओरडा. मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची बौद्ध भिंत) आली की ती उजव्या हाताला ठेवूनच पुढे जायचं, घाईत कोणी चुकीच्या बाजूने गेलं तर हाक मारून परत फिरवायचा.

स्कियू, मरखा इथे होमस्टे, चुलीजवळ बसून गरम थुक्पा (नूडल्सचं सूप), पण सगळं फिकं, ठेच्याची बरणी न्याच. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला फुटलेल्या कढीसारखा लागतो, नंतर तोच मागून पितो माणूस.

निमालिंगला (4,700 मीटरच्या वर) तंबूच्या चेन तुटलेल्या, सप्टेंबरात बाटलीतलं पाणी गोठलं. समोर कांग यात्से शिखर बघून राग जातो म्हणा. दुसऱ्या दिवशी कोंगमारू ला (ला म्हणजे खिंड), 5,200 मीटरच्या आसपास, तिथे सातपुड्यातली चढाईची फुशारकी चालत नाही. उतरताना ओढा सारखा ओलांडावा लागतो, सँडल बॅगेत वरच ठेवा.

गाइडला पाच स्टार, कंपनीला दोन.