लास वेगासमध्ये व्हिडिओ पोकर: पाचपट पॉइंट, फ्री प्ले की नुकसान परत?

कॅलिफोर्नियात मुलाकडे दोन-तीन महिने राहायला गेलेल्या आईबाबांची वेगासची फेरी ठरलेलीच असते. कॅसिनोचं सभासद कार्ड काढलं की हातात ऑफरचा कागद पडतो: आज पाचपट पॉइंट (खेळलेल्या रकमेवर कार्डावर जमा होणारे गुण), नव्या सभासदाला फ्री प्ले (मशीनवर खेळण्यासाठीच मिळणारी रक्कम), पहिल्या दिवशी हरलात तर पैसे परत, रात्री सोडत. स्लॉटऐवजी, म्हणजे चित्रं जुळण्याच्या निव्वळ नशिबाच्या मशीनऐवजी, व्हिडिओ पोकर (मशीन पाच पानं वाटतं, हवी ती ठेवून बाकीची बदलायची, जुळणीप्रमाणे बक्षीस) खेळणाऱ्याला यातलं काय फायद्याचं, हा हिशोब नीट करता येतो, म्हणून तो इथे मांडतो आहे.

ऑफरच्या आधी मशीनवरचा बक्षिसांचा तक्ता वाचा. 'जॅक्स ऑर बेटर'मध्ये (गुलामांच्या किंवा त्याहून मोठ्या पानांच्या जोडीपासून बक्षीस देणारा प्रकार) एका नाण्यामागे फुल हाउसला (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) ९ आणि फ्लशला (एकाच जातीची पाच पानं) ६ मिळत असतील, तर अचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात ९९.५४ टक्के परतावा मिळतो. तिथेच ८ आणि ५ असतील तर ९७.३० टक्के. मशीन दिसायला तंतोतंत सारखं. पाव डॉलरची पाच नाणी म्हणजे डावाला सव्वा डॉलर, तासाला ६०० डाव धरले तर ७५० डॉलर फिरतात, म्हणजे एकूण लावले जातात. नऊ-सहावर त्यातले सरासरी साडेतीन डॉलर जातात, आठ-पाचवर वीस. पाचही नाणी लावायचीच, कारण रॉयल फ्लशला (एकाच जातीची दश्शीपासून एक्क्यापर्यंतची पाच पानं) पाचव्या नाण्यावरच नाण्यामागे ८०० मिळतात. त्याहून कमी लावलीत तर फक्त २५०.

आता पाचपट पॉइंट. समजा पॉइंटचं मूळ मूल्य फिरवलेल्या रकमेच्या ०.१ टक्का आहे. पाचपट म्हणजे ०.५. नऊ-सहावर बेरीज १००.०४ होते, आठ-पाचवर ९७.८०. म्हणजे एकच ऑफर एका मशीनवर तुम्हाला बरोबरीत आणते आणि शेजारच्या मशीनवर तासाला साडेसोळा डॉलर नेते. बरेच कॅसिनो व्हिडिओ पोकरला स्लॉटपेक्षा कमी पॉइंट देतात आणि चांगल्या तक्त्याची मशीन पाचपटीतून वगळतात. हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, काउंटरवर विचारून घ्या.

शिवाय त्या ९९.५४ मधला जवळपास दोन टक्क्यांचा वाटा एकट्या रॉयलचा आहे, आणि तो सरासरी ४०,००० डावांत एकदा लागतो, म्हणजे सुमारे ६७ तासांच्या खेळात. दोन दिवसांच्या पाहुण्याला तो बहुधा लागणार नाही. रॉयल वगळला तर नऊ-सहावरही तासाला अठराएक डॉलर जातात. खिशात किती ठेवायचे ते या आकड्यावरून ठरवा, १००.०४ वरून नाही.

म्हणूनच मला छोट्या बक्षिसांची ऑफर मोठ्यापेक्षा जास्त आवडते. रॉयल लागल्यास १०० डॉलर जादा, हे फलकावर छान दिसतं, पण ते ५०,००० डॉलर फिरवल्यावर एकदा मिळणार. म्हणजे ०.२ टक्का. चार सारखी पानं लागल्यावर किमान दोन डॉलरचं स्क्रॅच कार्ड देणारी ऑफर किरकोळ वाटते, पण चार सारखी पानं साधारण ४२३ डावांत एकदा येतात. हिशोब ०.३८ टक्क्यावर जातो, आणि हे कार्ड शनिवारच्या दुपारीच हातात पडण्याची शक्यता बरीच असते.

फ्री प्ले आणि नुकसान परत यांत पाहुण्याने फ्री प्लेच घ्यावा. २० डॉलरचा फ्री प्ले बहुतेक ठिकाणी एकदाच फिरवावा लागतो. नऊ-सहावर त्याचं सरासरी मूल्य १९ डॉलर ९० सेंट, स्वतःचं काही न घालता. सोळा डावांत कमी-जास्त होईलच, तरी जे हाती येईल ते काढून उठा. नुकसान परत कागदावर जास्त किमतीचं असतं, कारण जिंकलात तर सगळं तुमचं आणि हरलात तर कॅसिनो भरपाई देतो. पण त्यातून पुरेपूर वसूल करायला मोठ्या चढउताराचा खेळ आणि मोठी रक्कम लागते. भरपाईही बहुधा रोख नसते, फ्री प्लेच्या हप्त्यांत पुढच्या आठवड्यांत मिळते. तोवर तुम्ही पुण्याला परतलेले असता. स्थानिक माणसासाठी मात्र हीच ऑफर पहिल्या क्रमांकाची.

सोडतीबद्दल फार लिहीत नाही. एकूण तिकिटं किती हे कळत नाही, आणि नाव पुकारताना हजर राहावं लागतं.

शेवटचा मुद्दा भारतीय पासपोर्टवर, पर्यटक व्हिसावर आलेल्यांसाठी. डॉलरच्या मशीनवर जास्त पॉइंटचं आमिष असतं. तिथे रॉयल ४,००० डॉलरचा, आणि अनिवासी परदेशी खेळाडूच्या अशा जॅकपॉटमधून ३० टक्के कर कापला जातो. १,२०० डॉलर गेले. भारताशी असलेल्या करारात त्याला सूट नाही. या कपातीने नऊ-सहाचा परतावा ९९ टक्क्यांच्या किंचित खाली येतो, पाचपट पॉइंट मिळूनही तूट भरत नाही. पाव डॉलरवरचा रॉयल १,००० डॉलरचा असतो आणि ज्या रकमेपासून जॅकपॉटची कराची कागदपत्रं भरावी लागतात त्या मर्यादेखाली राहतो. तुम्ही पाव डॉलरच्या नऊ-सहावरच बसा.