विल्सन घ्यावा की पारे?

फ्रेंच ऑर्केस्ट्रा ऐकायला सुरुवात करायची आहे, एकच अल्बम सांगा, असं कुणी म्हटलं की मी वाद्यवृंद-संचालक जॉन विल्सनचं नाव घेतो. सिन्फोनिया ऑफ लंडन या वाद्यवृंदाला घेऊन त्याने केलेला ‘एस्काल’ हा अल्बम शँडोस कंपनीने 2020 मध्ये काढला. नाव त्यातल्याच इबेर या संगीतकाराच्या रचनेवरून, अर्थ वाटेत थांबायची बंदरं. शाब्रिएची ‘एस्पान्या’, दबुसीचा तो बासरीने जागा होणारा फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव), मासनेच्या ‘ताईस’ या ऑपेरातला व्हायोलिनचा तुकडा, रावेलची ‘रॅप्सोदी एस्पान्योल’, असा लोकप्रिय ऐवज एकाच तबकडीत मिळतो. वर द्युरुफ्लेची तीन नृत्यं. ऑर्गन आणि रेक्विएमवाला (म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा) गंभीर माणूस म्हणून तो ठाऊक असेल, तर ही नृत्यं ऐकून चकित व्हाल.

तरीही माझ्या शेल्फवरची, फ्रेंच संचालक पॉल पारेची, मर्क्युरी कंपनीची जुनी सीडी मी कुणाला देणार नाही. इबेरची ‘एस्काल’ 1924 मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजली, ती पारेच्याच हाताखाली. 1962 मध्ये डेट्रॉइट सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर त्याने ती ध्वनिमुद्रित केली.

दोघांतला फरक ऐकायचा तर या रचनेतलं दुसरं बंदर गाठा, ट्युनिस ते नेफ्ता. खाली तंतुवाद्यांचा ठेका, 4 आणि 3 मात्रा आलटूनपालटून. 3 आणि 4 मात्रांचा दीपचंदी ताल उलटा धरल्यासारखा. वर एकटी ओबो, सनईच्या जातीचं वाद्य. विल्सनकडे हा ठेका मऊ वाळूत पाय रुतत चालावा तसा येतो, आणि ओबोभोवती लंडनच्या किलबर्नमधल्या चर्चचा घुमारा तरळत राहतो. पारेकडे ठेका कोरडा, नेमका. ओबो जवळ येते, जरा खरखरीत लागते, आणि मला तीच खरी वाटते. तिसरं बंदर वॅलेन्सिया. तिथे पारे असा सुटतो की विल्सनची सगळी चमक जरा सजवलेली वाटू लागते.

व्हायोलिनांच्या बाबतीत मात्र विल्सनला तोड नाही. जुन्या हॉलिवूडचं संगीत वाजवून नाव कमावलेला हा माणूस. तंतुवाद्यांतून साय कशी काढायची ते त्याला पक्कं ठाऊक आहे. ‘ताईस’मध्ये ती साय शोभते. ‘एस्पान्या’त मला ती थोडी जास्त झाली.

पारेची अडचण वेगळी. ‘एस्काल’ रावेलबरोबर एका सीडीत, शाब्रिए दुसऱ्या सीडीत, म्हणजे खरेदी दोनदा. मागे हलकी सरसरही आहे. पण मोजक्या तीन मायक्रोफोनांवर पकडलेला तो आवाज साठ वर्षांनंतरही समोर बसून वाजवल्यासारखा येतो.

घरी बरे स्पीकर आणि शांत खोली असेल तर विल्सन घ्या. ‘रॅप्सोदी’ची सुरुवात चार उतरत्या सुरांच्या कुजबुजीने होते, ती ऐकू यावी म्हणून आवाज वाढवाल, आणि शेवटच्या जत्रेत शेजारी दार ठोठावतील. इअरफोन लावून लोकलमध्येच ऐकणार असाल, तर ती कुजबुज दादरपर्यंतही पोचायची नाही. तुम्ही पारेच घ्या.