बोनेट गरम होते आणि काटा रिझर्व्हवर : जुनी डिझेल पिकअप घेताना माझी झालेली फसवणूक

तीन महिन्यांपूर्वी मी 4,65,000 रुपयांना एक जुनी डिझेल पिकअप विकत घेतली आणि त्यानंतरच्या 47 दिवसांत तिच्यावर आणखी 1,64,000 रुपये घालून बसलो. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी गाड्यांच्या बाबतीत नवखा नाही. याआधी सात वर्षे मी पिकअपच चालवली आहे. परंतु ती गाडी मी कोरी घेतली होती. स्वतःची गाडी सांभाळणे आणि दुसऱ्याने लपवलेला दोष हुडकणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला पैसे गेल्यावर कळले.

गाडी एका एजंटामार्फत समोर आली. मीटरवर 78,400 किलोमीटर, एकच मालक, हौद्याला ताजा रंग, पेडलची रबरे कोरी. ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ हे नेहमीचे वाक्य ऐकून मी गाडी पाहण्याआधीच 21,000 रुपये टोकन पाठवले. गाडी पाहण्यासाठी सकाळी सातची वेळ मात्र मी मुद्दाम मागून घेतली होती, कारण डिझेल इंजिनाचे खरे रूप ते रात्रभर थंड झाल्यानंतरच्या पहिल्या सेल्फला दिसते.

मी पोहोचलो, बोनेटवर हात ठेवला, तर ते चांगलेच गरम होते. मालक म्हणाला, “आत्ताच पंपावर जाऊन डिझेल भरून आणले, साहेब.” मी आत बसलो, किल्ली फिरवली, आणि डिझेलचा काटा रिझर्व्हवर होता. डिझेल भरून आणलेल्या गाडीचा काटा रिझर्व्हवर! हाताला लागलेली ऊब आणि डोळ्यांसमोरचा तो काटा यांच्यात अर्ध्या मिनिटाचेही अंतर नव्हते, तरीही मी गप्प बसलो. टोकन गेले होते, माझी जुनी गाडी बंद पडून अकरा दिवस झाले होते, माल पोहोचवण्याची बोली अंगावर होती. म्हणून मी स्वतःलाच समजावले की काटा बिघडलेला असेल. तो काटा आजही अचूक चालतो. त्या क्षणी मी खाली उतरून घरी परत गेलो असतो तर माझे फक्त 21,000 रुपये गेले असते, हा हिशेब मी त्यानंतर किती वेळा केला असेल हे सांगवत नाही.

गरम इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाले, धूर दिसला नाही, आवाजही भरदार वाटला. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी सहाव्या सेल्फला उठली आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उभा राहिला. पाच मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक झाला. इंजिन पुरते तापण्याआधीच तो असा कडक होणे म्हणजे हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलमधून, सिलिंडरमधला दाबाचा वायू (कॉम्प्रेशन) पाण्यात शिरत असल्याची दाट शक्यता. ऑइल भरण्याचे झाकण काढले तर आतून धूर धापा टाकल्यासारखा बाहेर येत होता. याला मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा रिंग-पिस्टन गेले असाच असतो. हे झाकण काढून पाहायला दहा सेकंद लागतात, आणि ती दहा सेकंद मी दिली नाहीत. इंजिन खोलल्यावर मिस्त्रीने सांगितले की आत नेहमीपेक्षा जाड ऑइल भरलेले होते. निळा धूर आणि खडखड काही दिवस दाबून ठेवण्याची ही जुनी युक्ती आहे. ऑइल काळे दिसले म्हणून मात्र गाडी नाकारू नका, डिझेल इंजिनात ते बदलल्यावर लगेचच काळे पडते. दुधाळ दिसले तर मात्र क्षणभरही थांबू नका.

खर्च असा झाला : चार इंजेक्टर 52,000, टर्बो 18,500, हेड, रिंग-पिस्टन आणि मजुरी 68,000. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, हँगरजवळ चेसिसला तडा होता, त्यावर वेल्डिंग करून काळा रंग फासलेला होता. ते पुन्हा नीट करून घ्यायला 14,000 गेले. पाट्यांमध्ये एक पाटा जास्तीचा घातलेला होता, म्हणजे ही गाडी आयुष्यभर क्षमतेपेक्षा अधिक माल वाहत होती. गाडीखाली सतरंजी टाकून झोपा, बॅटरीच्या उजेडात चेसिस पाहा, आणि जुन्या गाडीच्या फक्त एकाच भागाला नवा काळा रंग दिसला तर तो का दिला हे विचारा.

मी मिस्त्री नेला नव्हता असे नाही. नेला होता, त्याला 1,500 रुपयेही दिले. पण तो एजंटानेच सुचवलेला होता. यापेक्षा अधिक काय लिहू?

मीटरचे सत्य अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कळले. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत 2,17,400 किलोमीटर लिहिलेले होते. ती माहिती मला मिळाली ती आरसी माझ्या नावावर झाल्यानंतर. म्हणून व्यवहाराआधी मालकालाच सोबत घेऊन तिथे जावे, आणि तो टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समजावे. कोऱ्या पेडल रबरांना मी निगा समजलो होतो, आणि ती झीज लपवण्यासाठी बदललेली होती. टायरवरच्या चार अंकी आकड्यातून त्याच्या उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष कळते. तोही मी वाचला नाही.

कागदपत्रे मी नीट पाहिली होती, हे मी ठामपणे सांगतो. आरसीवर कर्जाचा बोजा नव्हता, चेसिस क्रमांक जुळत होता, फिटनेस चालू होते, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर माझ्यासमोर सह्या झाल्या. फक्त ई-चलान तपासायचे राहिले आणि 11,500 रुपयांचा दंड मला भरावा लागला. विक्रीच्या करारात ‘गाडी तपासून, जशी आहे तशी स्वीकारली’ असे एक वाक्य होते. त्याच्या खाली ‘मीटरचे वाचन खरे असल्याची हमी विक्रेता देतो’ एवढे लिहून घ्यायला हवे होते. शिवाय किमतीपैकी 1,44,000 आणि एजंटाचे कमिशन 9,000 मी रोख दिले, ज्याची पावती नाही. रोख देऊ नका.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगून परत पाठवले. मी म्हटले, मीटर मागे फिरवून खोटे आकडे दाखवणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक आहे, त्यावर मला विचारण्यात आले, “तुम्ही शिकलेले आहात ना, मग बघून का घेतली नाही?” हा प्रश्न मी स्वतःला रोज रात्री विचारतो, पण तो विचारण्याचा पगार त्यांना मिळत नाही. चौथ्या फेरीत अर्ज घेतला, पोच दिली नाही. आरटीओ कार्यालयात सांगितले की त्यांचे काम नोंदणीचे, इंजिनाचे नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक आहे, या एजंटाकडे ते नाही, त्याच्यावर तरी कारवाई करा, असे मी लेखी दिले. उत्तर आले की तो विक्रेता असल्याचा पुरावा आणा! कमिशन रोख घेणाऱ्या आणि कुठेही सही न करणाऱ्या माणसाचा पुरावा मी कोठून आणायचा? मग ज्याच्याकडे अधिकारपत्रच नाही त्याला हा नियम लागू होतो तरी कधी? वकिलाच्या नोटिशीला 3,500 रुपये गेले. मालकाने ती स्वीकारली नाही, आणि खासगी मालकाविरुद्ध ग्राहक आयोगात जाणे कठीण असल्याचे वकिलांनीच सांगितले.

आता मी पोलीस अधीक्षकांकडे नोंदणीकृत टपालाने अर्ज पाठवला आहे आणि त्यासोबत सर्व्हिस सेंटरची नोंद, टोकनची पावती व गाडी पाहायला गेलो तेव्हा काढलेले मीटरचे छायाचित्र जोडले आहे. त्या छायाचित्रात 78,400 चा आकडा आहे आणि शेजारीच डिझेलचा काटा. पोचपावती 26 दिवसांपूर्वी आली, त्यानंतर काहीही आलेले नाही.