जुन्या नाण्यांची पारख करणारी रत्नागिरीतील सराफी पेढी

घरातल्या डब्यात साठलेल्या सुट्या नाण्यांतून चांदीची नाणी निवडून घेण्यासाठी रत्नागिरीच्या बाजारपेठेतील ज्या पेढीत मी गेलो, तिथले काम मला मनापासून आवडले. कसोटीचा दगड काढण्याआधी मालकांनी लोहचुंबक पुढे केले. १९४७ चा रुपया त्याला चटकन चिकटला, कारण तो निकेलचा, आणि चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही. त्यानंतर वजन. पंचम जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा असतो; १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयांचे वजन तेवढेच, पण चांदी निम्मीच, त्यामुळे नुसत्या काट्यावर विसंबून चालत नाही, सालही वाचावे लागते, हे त्यांनी फार नेमकेपणाने समजावले. १९६९ चे गांधीजींचे दहा रुपयांचे नाणेही ८० टक्के चांदीचे. दमट खाऱ्या हवेत काळवंडलेली नाणी चिंच लावून उजळू नयेत, संग्राहकांकडे त्यांची किंमत उतरते, हा सल्ला विशेष मोलाचा वाटला. पारख मात्र तोंडीच मिळते. विक्रीचा विचार असेल त्यांनी वजन आणि साल लिहून मागावे.