दर बुधवारी दुपारची पंगत, की संध्याकाळचा चहा?

रोटरी किंवा लायन्ससारखा नवा सेवाभावी क्लब निघाला की दोन भांडणं ठरलेली: अध्यक्ष कोण आणि बैठक कधी. पहिलं आपोआप मिटतं, १ जुलै आला की अध्यक्ष बदलतोच. दुसरं मात्र चिघळत राहतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात दोन्ही करून झालं आहे: चार वर्षं दर बुधवारी दुपारचं जेवण, मग दीड वर्ष संध्याकाळचा चहा. शेजारच्या तालुक्यातल्या मंडळींचा क्लब उभा राहतोय आणि ते सारखं विचारतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी एक गैरसमज. रोटरीत दर आठवड्याला भेटावंच लागतं, असं जुने सभासद अजून छातीठोक सांगतात. २०१६ साली तो नियम सैल झाला. महिन्यातून निदान दोन बैठका व्हाव्यात, एवढंच आता बंधन आहे. लायन्समध्ये तर महिन्याला दोनचीच वहिवाट. आणि जेवण हा काही मूळ धर्म नव्हे. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस हे वकील आणि त्यांचे तीन मित्र पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटत, त्यावरूनच (इंग्रजीत रोटेट म्हणजे पाळीपाळीने फिरणं) रोटरी हे नाव पडलं. सभासद वाढले, कचेऱ्या पुरेनात, तेव्हा मंडळी हॉटेलात जाऊन जेवू लागली.

आता खरा प्रश्न: येणार कोण? दुपारी एकला किराणा-कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक कमी, डॉक्टरांची सकाळची ओपीडी उरकत आलेली. हे दोघं हमखास येतात. शाळा सुरू असते, त्यामुळे मास्तर मंडळी पूर्ण बाद. वकील कोर्टाच्या मधल्या सुट्टीशिवाय हलत नाहीत आणि त्यांच्यासाठी दोनला बैठक ठेवली की भुकेले दुकानदार कुरकुरतात. कृषी केंद्रवाले जूनमध्ये पेरणी संपेपर्यंत दिसत नाहीत, आणि कास्तकार सभासद कापूस वेचणीत असला की दुपारी तर नाहीच, संध्याकाळीही मजुरांचा कापूस मोजून मगच येतो.

संध्याकाळी साडेसातला मास्तर आले, वकील आले. पण आमच्या पाचपैकी तीन महिला सभासद यायच्या बंद झाल्या. कारण विचारलं तर एकीने सरळ सांगितलं, ‘दुपारी एकला घरचं सारं आटोपलेलं असते जी. सातला कुकर कोण लावणार?’ ज्या दोघी उरल्या त्या शिक्षिका, त्यांना दुपार जमलीच नव्हती. शिवाय ज्यांच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होते, ते सभासद ती सोडून येत नाहीत, आणि यावं अशी माझी अपेक्षाही नाही.

पैशाचा हिशेब सांगतो. आमचं जेवणाचं पान १२० रुपयांचं. वर्षाला ४८ बैठका धरल्या तर माणशी ५,७६० रुपये. चहा-बिस्किटं २० रुपयांत, म्हणजे वर्षाला ९६०. बावीस सभासदांचा फरक एक लाख पाच हजार सहाशे. हा आकडा मांडूनच आमच्याकडे चहावाल्यांनी बाजी मारली; एवढ्या पैशात नेत्रशिबिरं होतील, असं भाषणही झालं. शिबिरं काही वाढली नाहीत. वाचलेला पैसा ज्याच्या त्याच्या खिशातच राहिला, शिबिराच्या खात्यात दमडी आली नाही. उलट काम घटलं. पंगतीला बसलेला माणूस तासभर उठत नाही. पोलिओ डोसच्या दिवशी कोण कुठल्या बूथवर, हे भात येईपर्यंत ठरून जायचं. चहाला लोक आठला येत, उभ्याउभ्या कप संपवत आणि जिल्हा परिषदेच्या राजकारणात रात्र जाई. पाहुणा वक्ता मात्र संध्याकाळीच शोभतो. दुपारी बिचारा ताटावाट्यांच्या आवाजात वीस मिनिटं बोलतो आणि समोरचे फल्लीची चटणी मागत असतात.

जेवणाची खरी डोकेदुखी म्हणजे पानांची संख्या. आमच्या स्वयंपाकवाल्या ताईंचा सकाळी दहाला फोन: ‘भाऊ, आज किती पानं?’ मी बावीस सांगायचो, यायचे चौदा. उरलेल्या पोळ्यांचा गठ्ठा आणि ताईंचा चेहरा, दोन्ही मला पाहावत नसे. पानागणिक पैसे घेतले तरी हेच. शेवटी ठरलं की मंगळवारी रात्री नऊपर्यंत व्हॉट्सॲपवर ‘नाही’ न लिहिणारा जेवला असं धरायचं आणि पैसे तिमाही वर्गणीत टाकायचे. दोन महिने रुसवेफुगवे झाले, मग सगळे सुधारले. बेत साधा ठेवा: पोळी, आलू-वांगं, वरण-भात. महिन्यातून एकदा पाटवडी रस्सा असला की हजेरी शंभर टक्के. अध्यक्षाच्या कुठल्याच आवाहनाला तेवढी गर्दी मी पाहिलेली नाही.

ऊन विसरू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर असताना दुपारी एकला बाहेर पडा म्हणणं शहाणपणाचं नाही. आठवडी बाजाराच्या दिवशीही बैठक नको, त्या दिवशी ना दुकानदार हलतो ना डॉक्टर.

तुमचे निम्म्याहून जास्त सभासद दुकानदार-डॉक्टर असतील तर दुपार घ्या. शिक्षक आणि नोकरदार जास्त असतील तर संध्याकाळ, पण खुर्च्या मांडून आणि वेळेवर. मला विचाराल तर महिन्यातून दोनच जेवणं, पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात. मधल्या एका संध्याकाळी चहा आणि वक्ता, मास्तरांसाठी. आणि १५ एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत सगळं संध्याकाळी. आम्ही यंदा हेच करतोय.

वार ठरवण्याआधी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारा. आमचा बुधवार त्यांनीच ठरवला होता. आम्ही गुरुवार म्हणत होतो, पण गुरुवारी त्यांचा उपास, आणि उपासाच्या दिवशी भाजीचं मीठ चाखून पाहता येत नाही.